उपवासात चरबीचं कुलूप केव्हा उघडतं?

रात्री ८ वाजता जेवलात, तर १२-१ वाजेपर्यंत रक्तातली साखर त्या जेवणातूनच येते. मग यकृत आपल्याजवळचं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, फोडायला लागतं. ते असतं जेमतेम १०० ग्रॅम. स्नायूंत याच्या तीन-चारपट असतं खरं, पण ग्लुकोज मोकळं करून रक्तात सोडणारं विकर (एन्झाइम) स्नायूंकडे नाही, त्यामुळे तो साठा त्यांचा त्यांनाच. इकडे एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणजे यकृताची पुंजी एका दिवसात बहुतेक संपते.

चरबी मात्र त्याआधीच कामाला लागलेली असते. मेदपेशीत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात असते: एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली. ती सोडवणाऱ्या विकरांना इन्सुलिन दाबून ठेवतं. इन्सुलिन उतरलं की मेदाम्लं सुटतात, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून हृदयाकडे, स्नायूंकडे, यकृताकडे जातात आणि तिथे जळतात. आणि हे कुलूप फार हलकं आहे. साखर पेशीत ढकलायला जेवढं इन्सुलिन लागतं, त्याच्या कितीतरी कमी इन्सुलिनवर ते बंद होतं.

आता आपली एकादशी बघा. सकाळी केळं, दुपारी खिचडी, ४ वाजता बटाट्याचे वेफर्स, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४० ग्रॅमहून जास्त निव्वळ स्टार्च असतो. दर तीन-चार तासांनी इन्सुलिन वर चढतं आणि मेदपेशी पुन्हा बंद. व्रत म्हणून या उपवासाचं मोल आहेच, पण चरबी उतरवायची तर दोन खाण्यांमधलं अंतर वाढवायला हवं.

पाणीच घेऊन केलेल्या उपवासात पुढे काय होतं? मेदाम्लांपासून ग्लुकोज बनत नाही, ग्लिसरॉलपासून थोडंसं बनतं. बाकीचं ग्लुकोज यकृताला स्नायूंच्या प्रथिनांतून घडवावं लागतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस रोज ७५ ग्रॅमपर्यंत प्रथिन खर्ची पडतं. असंच चालू राहिलं तर माणूस तीन-चार आठवड्यांत खंगेल. ते टळतं कीटोनमुळे. यकृत मेदाम्लांचे कीटोन करतं, स्वतः ते वापरू शकत नाही, सगळे बाहेर पाठवतं. ओवेन, केहिल आणि सहकारी या संशोधकांनी १९६७ साली दाखवलं की पाच-सहा आठवड्यांच्या उपवासानंतर मेंदूचं निम्म्याहून जास्त इंधन कीटोन पुरवतात. तोवर प्रथिनांचा खर्च २० ग्रॅमच्या आसपास उतरलेला असतो. श्वासाला येणारा फळांसारखा वास यातल्याच अ‍ॅसिटोनचा.

वजनकाट्याचं सांगतो. पूर्ण उपवासात दिवसाला जळणारी चरबी साधारण १५० ग्रॅम. काटा पहिल्याच दोन दिवसांत दीड-दोन किलो खाली आला, तर त्यात बहुतेक पाणी आहे. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेही जातं. शिवाय इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ सोडतात आणि मिठामागे पाणी. डोकं दुखतं, उठताना अंधारी येते, ती पुष्कळदा या मिठापाण्याच्या घटीमुळे.

जैनांच्या पर्युषणातली अठाई (आठ दिवसांचा उपवास) किंवा त्याहून लांबलेला उपवास सोडताना पारणं हलकं हवं: मुगाचं पाणी, मग पातळ मुगाची खिचडी, थोडं थोडं. एकदम गोडधोड झालं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. हृदयाची लय बिघडते, प्राणावर बेतू शकतं. दहा-बारा दिवसांचा उपवास असेल, तर पारण्याआधी रक्त तपासून घ्याच.

मधुमेहींनी तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोट रिकामं असतानाही इन्सुलिन बाहेर काढत राहते. साखर घसरते आणि तिच्या जागी चालणारी चरबीही कुलूपबंद. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवलं की याच्या नेमकं उलट: कुलूप उघडंच राहतं, कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होतं. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत तर साखर जवळपास ठीक दिसत असतानाही हे घडू शकतं. म्हणून उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली की ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, कीटोन तपासा.