बॅग उचलणाऱ्याची कंबर

हे विमानाचं पोट. वर पॅसेंजर सीटवर बसलेत आणि बरोबर त्यांच्या खाली हा होल्ड, सामान ठेवायची जागा. छोट्या विमानात इथली उंची जेमतेम एक-सव्वा मीटर, म्हणजे उभं राहायचा प्रश्नच नाही, लोडर गुडघे टेकून नाहीतर रांगतच काम करतो. बेल्टवरून बॅग आली की हँडल धरायचं, कंबरेतून वळायचं, थरावर रचायची, वरचा थर असेल तर हात खांद्याच्याही वर, आणि तोवर पुढची बॅग आलेली असते. धरा की एका फ्लाइटला १५० बॅगा आणि सरासरी १५ किलो, म्हणजे सव्वादोन टन झाले, आणि शिफ्टमध्ये फ्लाइट काही एकच नसते.

आता या लोडरचे हात बघा. बॅग अंगापासून किती लांब आहे! सगळी गोम इथेच आहे.

कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश (NIOSH) या संस्थेचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे, १९९१ मध्ये सुधारलेलं. त्यात सगळं अगदी मनासारखं असलं, वजन अंगाजवळ, कंबरेच्या आसपास, समोर, पकड चांगली, तरी मर्यादा २३ किलोच. तेच वजन २५ सेंटीमीटरऐवजी ५० सेंटीमीटर लांब गेलं की मर्यादा निम्मी, साडेअकरा. त्यात ९० अंश बाजूला वळावं लागलं की आठ किलोच्या आसपास. आणि हे उभ्या माणसाचं गणित आहे बरं का, गुडघ्यावर बसून किंवा अडचणीच्या जागेत उचलायचं असेल तर हे सूत्र लागूच होत नाही. इकडे बॅगा तर २३ किलोच्या सर्रास येतात, काही ३२ च्यासुद्धा.

म्हणून 'गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा' हे पोस्टर भिंतीवर लावून काम झालं असं मानणं मला अजिबात पटत नाही. जिथे उभंच राहता येत नाही तिथे पाठ सरळ ठेवणार कशी? कंबरेला बांधायच्या पट्ट्याचंही तसंच, धडधाकट माणसाला तो दुखापतीपासून वाचवतो याला भक्कम पुरावा नाही.

फरक पडतो तो कामाची रचना बदलल्यावर. हा बघा, होल्डच्या आत शेवटपर्यंत जाणारा बेल्ट. त्याचं टोक वरखाली होतं, बॅग थेट थराच्या उंचीला येते, उचलायची नाही, फक्त सरकवायची. खाली बॅगेज हॉलमध्ये हवेच्या दाबावर बॅग धरून उचलणारं व्हॅक्यूम लिफ्टर असतं. मोठ्या विमानात बॅगा कंटेनरमधून जातात त्यामुळे होल्डमधलं काम हलकं होतं, पण कंटेनर भरणारा माणूस असतोच, त्याच्यासाठीही लिफ्टर हवा. आणि मशीन नुसतं आणून ठेवून भागत नाही. टर्नअराउंड, म्हणजे विमान येऊन पुन्हा निघेपर्यंतचा वेळ, अर्ध्या तासाचा आणि माणसं कमी असली की ते कोपऱ्यात उभं राहतं, कारण हातानं पटकन होतं असं सगळ्यांनाच वाटतं. वेळ आणि माणसं ठरवणाऱ्यानं मशीनचा वेळ त्यात धरायलाच हवा.

बाकी छोट्या गोष्टी: जड बॅगेवर हेवी टॅग, तो दिसला की दोघांनी धरायची. गुडघ्याला पॅड. आतला माणूस आणि बाहेरचा माणूस यांनी फ्लाइटगणिक जागा बदलायची, एकट्यानं दिवसभर होल्डमध्ये राहायचं नाही.

आणि दुखणं. लोडर सहसा सांगत नाहीत, उसण भरली असेल, उद्या बरी होईल म्हणतात, कारण सांगितलं तर ड्युटी जाईल ही भीती. सुपरवायझरनं आधी हीच भीती काढायला हवी, कळ सुरू झाल्या झाल्या हलकं काम दिलं तर बहुतेकदा माणूस लवकर पूर्ववत होतो. मात्र कळ पायात उतरत असेल, पाय बधिर पडत असेल, तर शिफ्ट संपायची वाट न बघता डॉक्टरकडे पाठवायचं. लघवीवर ताबा राहत नसेल तर तडक हॉस्पिटल.