सरकारी नोकराला ज्युरीचं बोलावणं

अमेरिकेत घरोघरी टपाल वाटणाऱ्या पोस्टमनलाही एक दिवस न्यायालयाचं पत्र येतं: ज्युरीसाठी, म्हणजे खटला ऐकून निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासाठी, हजर राहा. सरकारी नोकरी आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही.

ब्रिटिश अमदानीत आपल्याकडे हे वेगळं होतं. मुंबईत ज्युरीसमोर खटले चालत, पण १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांना आणि टपाल-तार खात्यातल्या लोकांना ज्युरीच्या कामातून मोकळं ठेवलं होतं.

अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयांना १९६८चा ज्युरी कायदा लागू आहे. तो नोकरीमुळे तीनच गट वगळतो: लष्करात प्रत्यक्ष सेवेत असलेले, पोलीस व अग्निशमन दलातले, आणि लोकांनी निवडून दिलेले किंवा अशा लोकप्रतिनिधीने थेट नेमलेले अधिकारी. या तिघांना इच्छा असली तरी ज्युरीत बसता येत नाही. बाकीचे कारकून, लेखापाल, पोस्टमन यांना जावंच लागतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला त्यासाठी वेगळी न्यायालयीन रजा मिळते आणि पगार चालू राहतो. फेडरल न्यायालय इतर ज्युरींना रोज ५० डॉलर देतं, ते मात्र त्याला मिळत नाहीत.

न्यूयॉर्क राज्य याच्याही पुढे गेलं. तिथे डॉक्टर, वकील, पोलीस, अग्निशमन जवान असे कितीतरी व्यवसाय पूर्वी सुटत, आणि उरलेल्यांनाच पुन्हा पुन्हा बोलावणं येई. मुख्य न्यायाधीश ज्युडिथ के यांनी ज्युरी सुधारणांचा पाठपुरावा केला आणि १ जानेवारी १९९६पासून व्यवसायावरून मिळणाऱ्या सगळ्या सवलती बंद झाल्या. १९९९मध्ये न्यूयॉर्क शहराचे महापौर रुडी जुलियानी मॅनहॅटनमधल्या एका दिवाणी दाव्यात ज्युरीचे प्रमुख म्हणून बसले. फेडरल न्यायालयात महापौरांना ही खुर्ची मिळालीच नसती.

मला न्यूयॉर्कचाच मार्ग पटतो. एखादा पोलीस एखाद्या खटल्यात निःपक्ष राहणार नाही असं दिसलं, तर त्या खटल्यापुरतं त्याला वगळता येतं. त्यासाठी अख्खं खातं बाजूला ठेवायचं कारण नाही.

अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या आणि तिथे सरकारी नोकरीत असलेल्या मराठी माणसांनाही हाच नियम आहे. ग्रीन कार्डधारक ज्युरीत बसू शकत नाहीत, पण न्यायालयाकडून पात्रता तपासणारी प्रश्नावली आली तर ती भरून तसं कळवावं. नागरिकांनी कामाची अडचण असेल तर तारीख पुढे मागावी. पत्र तसंच पडू दिलं, तर दंड होऊ शकतो.