किती जवळ येतो हा पडदा?

[दृश्य : सयाजीगंज, बडोदा. संगणकाचं दुकान. काचेआड ओळीने लावलेले, चकाकणारे पडदे.]

दुकानात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न येतो बजेटचा. दुसरा, मेमरी किती हवी. टचस्क्रीन हवा म्हटलं की दुकानदार बोटाने दोन-चार फोटो सरकवून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. नजर धड असेल तर एवढ्यावर काम भागतं. पण चष्मा लावूनही ज्यांना अक्षर लागत नाही अशा माणसासाठी मशीन घ्यायचं असेल, तर सुरुवात वेगळ्याच प्रश्नाने करावी लागते : हा पडदा डोळ्यांच्या किती जवळ आणता येतो?

[दृश्य : रावपुरा. जुन्या घराची माडी. पश्चिमेच्या खिडकीपाशी टेबल. काकू खुर्चीत.]

काकू मराठीच्या निवृत्त शिक्षिका. सत्तरी ओलांडलेली. मागणी दोनच गोष्टींची : मराठी वर्तमानपत्र स्वतःचं स्वतः वाचायचं, आणि पुण्याच्या मुलीशी बोलताना तिचा चेहरा बघायचा.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मॅक्युलाची, म्हणजे दृष्टिपटलाच्या अगदी मधल्या भागाची, वयोमानाने झीज झाली आहे. अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणूस ओळखणं ही बारीक कामं हाच भाग करतो. त्यामुळे काकू जिथे बघतात तिथेच धूसर डाग येतो. कडेचं मात्र दिसतं. घरात त्या कुणाचा हात न धरता फिरतात, पण दारातल्या शेजारणीला आवाजावरून ओळखतात. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या कानाकडे जाते आणि नवख्याला वाटतं, यांचं लक्ष नाही. खरं तर तेव्हाच त्या त्याचा चेहरा सगळ्यात नीट बघत असतात.

डॉक्टरांच्या कागदावर ६/६० लिहिलेलं आहे. निरोगी डोळा जे अक्षर ६० मीटरवरून ओळखतो, ते ओळखायला यांना ६ मीटरवर यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी धरली आहे. त्या कायद्यात दुसरीही एक कसोटी आहे, ती पुढे येईलच.

[दृश्य : काकूंचा जुना लॅपटॉप. त्या कीबोर्डवर वाकून पडद्याजवळ चेहरा नेतात.]

हे नीट बघा. पडदा ५० सेंटीमीटरवरून २५ वर आला की डोळ्यात उमटणारी प्रतिमा दुप्पट मोठी होते. एकही सेटिंग बदलावं लागत नाही, एक रुपयाही लागत नाही. अल्पदृष्टी असलेली माणसं हे कुणी न शिकवता करतात, म्हणून त्यांचा चेहरा सतत पडद्याला भिडलेला दिसतो. घरचे ओरडतात, "इतक्या जवळून नका बघू, डोळे बिघडतील." जवळून बघितल्याने या डोळ्यांचं काहीही बिघडत नाही. दुखते ती मान आणि पाठ, कारण लॅपटॉपमध्ये माणूस आणि पडदा यांच्या मधे कीबोर्ड आडवा येतो. काकूंना पंचवीस सेंटीमीटरवर पोचायला त्याच्यावर ओणवं व्हावं लागतं.

म्हणून बिजागरी पूर्ण मागे फिरणारा लॅपटॉप पहिल्यांदा बघावा. तो उलटा, तंबूसारखा उभा केला की कीबोर्ड मागे जातो आणि पडदा टेबलाच्या कडेपर्यंत पुढे येतो. पाठ ताठ ठेवून वाचता येतं. बहुतेक अशा मशीनमध्ये कीबोर्ड मागे गेला की आपोआप बंद होतो, त्यामुळे चुकून कळ दाबली जात नाही.

[दृश्य : देवघराशेजारची लाकडी ठवणी. तिच्यावर पोथीऐवजी टॅब्लेट.]

टॅब्लेट त्याहूनही जवळ येतो. पण अर्धा किलो वजन हातात धरून कुणी पानभर वाचू शकत नाही, निदान या वयात तरी. काकूंच्या घरी पोथीची ठवणी होती. तिचा उतार आणि उंची बघता टॅब्लेट तिच्यावर इतका चपखल बसला की बाजारातला स्टँड आणायची गरजच उरली नाही.

इथे चष्म्याची गोष्ट सुटून जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. वाचायचा नेहमीचा चष्मा साधारण ३५-४० सेंटीमीटरसाठी असतो. पडदा पंचवीसवर आणायचा तर उतारवयात त्या अंतरासाठी चष्म्याच्या नंबरात सुमारे +४ ची भर लागते. तेव्हा चष्म्याच्या दुकानात जाताना घरी टेपने मोजलेलं डोळे ते पडदा हे अंतर लिहून न्या आणि तेवढ्या अंतराचाच चष्मा मागा. मला विचाराल तर नव्या मशीनच्या आधी हा खर्च करावा.

[दृश्य : पुन्हा दुकान. २७ इंची ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यातच बसवलेला संगणक. काकू, पुतण्या, दुकानदार.]

"मासी, आ जुओ, केटलुं मोटुं छे!"

दुकानदाराचा हेतू चांगलाच आहे. कमी दिसतं, मग मोठा पडदा. मॅक्युला गेलेल्यांच्या बाबतीत यात तथ्यही आहे. अक्षर रुंदी-उंचीने दुप्पट केलं की पडद्यावर मूळ मजकुराचा चौथा हिस्सा मावतो. चौपट केलं की सोळावा. छोट्या पडद्यावर 'ठीक आहे'चं बटण कडेबाहेर जातं आणि माणूस अडकून बसतो. मोठ्या पडद्यावर तेवढी जागा उरते.

पण हा पडदा जड पायावर उभा आहे. तो पुढे येत नाही, खाली झुकत नाही. त्याला स्पर्श करायला काकूंना हात खांद्याच्या उंचीला न्यावा लागतो, आणि पाच मिनिटांत दंड भरून येतो. मोठा पडदाच हवा असेल तर २२-२४ इंची टच मॉनिटर घ्यावा, हलणाऱ्या धातूच्या हातावर बसवावा आणि जुन्याच मशीनला जोडावा. एक लक्षात ठेवा : चित्रासाठी एचडीएमआयची केबल पुरते, पण स्पर्श कळण्यासाठी यूएसबीची वेगळी केबल जोडावी लागते. ती राहिली की टच चालत नाही, आणि लोक मॉनिटर खराब समजून परत करतात.

आता पुतण्याने एक चांगली गोष्ट केली. त्याने पडदा बंद करायला सांगितला. काळ्या काचेत छताच्या दोन ट्यूबलाइट, दाराबाहेरची उन्हाची पट्टी आणि काकूंची पांढरी साडी स्वच्छ दिसली. टचस्क्रीनवर बहुतेक वेळा गुळगुळीत काचच असते, आणि बंद पडद्यात जे दिसतं ते चालू पडद्यावरही अक्षरांच्या मधे येणारच. काकूंच्या टेबलाला तर पश्चिमेची खिडकी. दुपारी चारला तिथे काय होईल याचा अंदाज दुकानातच घेता येतो. उजेड पाठीमागून न येता बाजूने येईल असं टेबल फिरवावं, आणि काचेवर चमक कमी करणारी फिल्म चिकटवून बघावी. फिल्मने अक्षर किंचित दाणेदार होतं. कुणाला ते चालतं, कुणाला खपत नाही.

[दृश्य : पडद्यावर मराठी मजकूर. हळूहळू मोठा होत जातो.]

दुकानातल्या मशीनवर सगळं इंग्रजीत असतं. चाचणी मराठी मजकुरावरच करा, कारण आपल्या लिपीचा जीव शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी असतो. अनुस्वाराचा ठिपका दिसला नाही तर नंदीची नदी होते. रफार, रुकार, वेलांटी, सगळं बारीक. काकूंना इंग्रजी अक्षर ज्या आकाराला लागलं, त्याच आकाराला मराठी मात्रा लागेना. दीडपट मोठं केलं, ठळक केलं, ओळींमधलं अंतर वाढवलं, तेव्हा वाचता आलं. पडदा कमीत कमी १९२० बाय १०८० बिंदूंचा असू द्या. त्याहून कमी असेल तर भिंगाखाली ठिपक्याच्या कडा फुटतात.

विंडोजमध्ये अक्षरांचा आकार सेटिंगमधून २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. त्यापुढे मॅग्निफायर आहे, म्हणजे पडद्यावरचं भिंग. विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की ते उघडतं. भिंग उघडं असताना कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबलं की पांढऱ्यावरचं काळं उलटून काळ्यावरचं पांढरं होतं. उजेडाने डोळे दिपणाऱ्यांना हा एक बदल सगळ्यात जास्त दिलासा देतो, असं माझं मत आहे.

आणि स्पर्श? त्याचा खरा फायदा बाणाशी जोडलेला आहे. अल्पदृष्टी असलेल्या माणसाचा संगणकावरचा बराच वेळ माउसचा बाण शोधण्यात जातो. बोटाला शोधावं लागत नाही. नजर जिथे आहे तिथे ते जातं. आयपॅडवर झूम चालू करून तीन बोटांनी दोनदा टिचकी मारली की पडदा मोठा होतो, तीन बोटं ओढली की सरकतो. अँड्रॉइडवर एका बोटाच्या तीन टिचक्या. विंडोजचं भिंग टचस्क्रीनवर उघडलं की पडद्याच्या कडांना पट्ट्या येतात. त्यांवरून बोट फिरवलं की मजकूर सरकतो.

तोटेही तितकेच खरे. ज्या बटणावर बोट ठेवायचं तेच बोटाखाली झाकलं जातं. चेहरा जवळ असला की तळहात काचेला टेकतो आणि भलतंच काही उघडतं. पडद्यावरचा कीबोर्ड अर्धी जागा खातो. त्यामुळे टॅब्लेट घेतला तरी खरा कीबोर्ड सोबत घ्याच, आणि कळांवर पिवळ्या पार्श्वभूमीवर मोठ्या काळ्या अक्षरांचे स्टिकर लावा.

[दृश्य : शेजारचं घर. काका, मध्यम आकाराचा साधा मॉनिटर.]

काकूंसाठी जे चाललं ते शेजारच्या काकांना देऊन बघितलं, आणि काका वैतागले. त्यांना काचबिंदू आहे. मधली नजर शाबूत, कडेची गेलेली. कायद्यातली दुसरी कसोटी हीच : दृष्टीचं क्षेत्र ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत. अशा माणसाला मोठा पडदा म्हणजे जास्त शोधाशोध. अक्षर वाढवलं तर शब्दच नजरेच्या चौकटीबाहेर जातो. त्यांनी पडदा थोडा दूर ठेवला, अक्षर बेताचं, काळं-पांढरं ठसठशीत, काच चमक न मारणारी. कीबोर्ड बोटांना पाठ. टच त्यांना लागलाच नाही, आणि त्यासाठी जादा पैसे का मोजायचे? तेव्हा कुठला भाग दिसतो आणि कुठला नाही, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानात जाऊ नये. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडलेल्यांनी तर वेगवेगळ्या दिवशी बघून मग ठरवावं; त्यांची नजर साखरेबरोबर खालीवर होते.

[दृश्य : मध्यवर्ती ग्रंथालय, मांडवी परिसर. पुस्तकांच्या रांगा.]

१९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून या संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारायला सुरुवात केली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जायच्या. काकूंचं अर्धं वाचन याच ग्रंथालयावर झालं. आता त्यांना जुनी मराठी पुस्तकं पडद्यावर हवी आहेत, आणि इथे एक अडचण समजून घ्यायला हवी. जुन्या पुस्तकांच्या फाइल बहुतेक वेळा पानांचे फोटो असतात. फोटो मोठा केला की ओळ पडद्याबाहेर पळते. प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे ओढायचं आणि परत आणायचं. बातमीचं पान किंवा ई-पुस्तक खऱ्या मजकुराचं असेल तर अक्षर वाढवलं की ओळी आपोआप मोडतात. वाचायचं काय आहे, यावरही मशीन ठरतं. फोटोंचीच पुस्तकं वाचायची असतील तर रुंद पडद्याचं पारडं जड होतं.

डोळे थकले की ऐकायचं. एनव्हीडीए हा पडदावाचक फुकट मिळतो, मराठी वाचतो, आणि टचस्क्रीनवरही चालतो : बोट ठेवलं की खाली काय आहे ते बोलतो, दोनदा टिचकी मारल्यावरच उघडतो. चुकून लागलेल्या हाताने काही बिघडत नाही. त्याचा मराठी आवाज यांत्रिक वाटतो, काकूंना तो अजून रुचलेला नाही. अँड्रॉइडवरचा गुगलचा मराठी आवाज त्यांनी लगेच मान्य केला.

शेवटी घरात दोन वस्तू आल्या. तंबूसारखा उभा राहणारा १५ इंची लॅपटॉप, आणि मुलीने वापरून ठेवलेला टॅब्लेट, ठवणीसाठी. वापरलेला लॅपटॉपही बघितला होता, पण त्यावर विंडोज १० होतं. त्याचे नेहमीचे सुरक्षा बदल १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत, म्हणून तो सोडला.

[दृश्य : काकूंचं टेबल. पुतण्या सेटिंग लावतो आहे.]

भिंग संगणक उघडताच सुरू होईल असं लावलं. बाण मोठा, पिवळा केला. पडद्यावर चारच चिन्हं ठेवली. पहिल्या दिवशी काकूंना एकच हालचाल शिकवली, भिंग लहान-मोठं करायची. ती हातात बसल्यावर दुसरी.

मुलगी पुण्यात असते, तिच्यासाठी विंडोजमधलं क्विक असिस्ट लावलं. काही अडलं की काकू फोन करतात, मुलगी एक कोड सांगते, काकू तो टाकतात, आणि मुलीला तिथे बसून हा पडदा दिसतो. घरच्याखेरीज दुसऱ्या कुणीही, अगदी बँकेतून बोलतोय म्हणाला तरी, फोनवर सांगितलेला कोड टाकायचा नाही, हे काकूंनी स्वतःच मोठ्या अक्षरात लिहून टेबलाजवळ चिकटवलं आहे.