बाळंतपणानंतरचं एका बाजूचं दुखणं

बाळंतपण झालं की कंबर दुखतेच, हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की बाई स्वतःच सांगायची बंद होते. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं, गरोदरपणात हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे लिगामेंट सैल पडतात, कमरेखालचे सांधे ढिले होतात, त्यात डिलिव्हरीचा ताण, मग काही आठवड्यांत दुखणं आपोआप ओसरतं.

पण या एका बाळंतिणीकडे बघा. कुशीवर वळायचं तर आधी चादर मुठीत धरते, श्वास रोखते, मग वळते. बाळ रडतंय, उठायचंय, पण उजवा पाय टेकवला की कळ थेट मस्तकात. दुखतंय एकाच बाजूला, पाठीला खाली जिथे खळगी पडते तिथे, आणि रोज वाढतंय.

तिथे आत असतो सॅक्रोइलियाक जॉइंट, कण्याचं खालचं टोक आणि कुल्ह्याचं हाड जोडणारा सांधा. अगदी क्वचित, पण होतं असं, रक्तातून बॅक्टेरिया येऊन इथे ठाण मांडतात, बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस. गर्भाशयातलं, लघवीचं किंवा स्तनातलं इन्फेक्शन, टाके, सलाईनची सुई, वाट कुठलीही असू शकते, कधी ती सापडतच नाही.

निदानाला उशीर का होतो, तर प्रत्येक लक्षणाला कारण आधीच तयार असतं. ताप आलाय? दूध साठलं असेल. ताप नाही? मग इन्फेक्शन कसलं! पॅरासिटामॉल चालू असली की ताप दबतो हे लक्षातच येत नाही कुणाच्या. कळ पायात उतरते, म्हणजे सायटिका. पांढऱ्या पेशी वाढल्यात, त्या डिलिव्हरीनंतर वाढतातच. वर एक्सरे नॉर्मल, झालं, सगळे निर्धास्त. पण एक्सरेत बदल दिसायला 2 आठवडे तरी जातात, एमआरआयमध्ये सूज काही दिवसांतच दिसते. माझं तर म्हणणं, एका बाजूला दुखतंय, रोज वाढतंय, पाय टेकवत नाही, एवढं बाईने सांगितलं की एक्सरेवर थांबूच नये.

मग ब्लड कल्चर, रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी, म्हणजे जंतू कुठला ते कळतं, त्यातून नाही कळलं तर सांध्यात सुई घालून सॅम्पल. औषध आधी शिरेतून, नंतर गोळ्या, सगळं मिळून साधारण 6 आठवडे, आणि पू साठला असेल तर तो काढावा लागतो. दुखणं त्याच्या कितीतरी आधी कमी होतं आणि गोळ्या सोडाव्याशा वाटतात त्या नेमक्या तेव्हाच. अंगावर पाजताना चालतील अशी अँटिबायोटिक्स बरीच आहेत, दूध तोडायची वेळ सहसा येत नाही, फक्त औषध लिहून द्यायच्या आधी डॉक्टरांना पाजतेय म्हणून सांगायचं.