जहाजांची जकात, मूठभर तांदूळ

(दृश्य: ओहोटीची वेळ. जुवारी नदीचा काठ, जुन्या धक्क्याच्या भिंतीचे अवशेष.)

गोव्यातल्या दानाची गोष्ट इथून सुरू करू. इथं एके काळी बंदर होतं. गोपकपट्टण, गोव्याच्या कदंबांची राजधानी. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशी राजाने एक ताम्रपट दिला. त्यात छड्डम नावाचा एक अधिकारी भेटतो. घराणं अरब, चाकरी कदंबांची. शहरातल्या मशिदीचा खर्च चालावा म्हणून बंदरात लागणाऱ्या जहाजांकडून ठरावीक कर घ्यायची मुभा राजाने त्याला दिली. राजा शिवभक्त, अधिकारी मुसलमान, आणि पैसा दूरदूरच्या व्यापाऱ्यांचा! राजाने एकदाच थैली रिकामी करून हात झटकले नाहीत, कायमचं उत्पन्न लावून दिलं.

ही रीत त्याहूनही जुनी. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, लेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्खूंचा खर्च. इस्लाममधल्या वक्फाचं तत्त्वही हेच: मिळकत विकायची नाही, उत्पन्न धर्मकार्याला.

(दृश्य: भातशेती, बांध, मागे देऊळ.)

गोव्याच्या गावांत हे काम गावकरीने, म्हणजे गावाची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या संस्थेने केलं. जमीन गावाच्या मालकीची. त्यातला वाटा देवाला, आणि पुजाऱ्यापासून वाजंत्र्यापर्यंत देवळाची सेवा करणाऱ्यांना नमशीच्या, म्हणजे सेवेच्या मोबदल्यात दिलेल्या, जमिनी.

मग पोर्तुगीज आले. 1540 मध्ये तिसवाडीतली, म्हणजे आजच्या पणजी आणि जुन्या गोव्याच्या भागातली, देवळं पाडली गेली. पुढच्याच वर्षी त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवलं गेलं. ज्यांनी नंदादीपाच्या तेलासाठी शेत दिलं होतं, त्यांना कोणी विचारलं नाही. दानाच्या इतिहासात हेही सांगायलाच हवं. दिलेलं दान हिसकावूनही घेता येतं, आणि त्यालाही पुण्याचंच नाव देता येतं.

त्याच राजवटीने आणलेली मिझेरिकॉर्दियाही तितकीच खरी. लिस्बनमध्ये 1498 साली राणी लिओनोरने सुरू केलेली ही संस्था सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच गोव्यात पोचली. कैद्यांना अन्न, बेवारस मृतांना मूठमाती, अनाथ मुलींच्या लग्नाचा खर्च, परमुलखात मेलेल्यांची मालमत्ता वारसांपर्यंत पोचवणं, अशी तिची कामं. 1608 मध्ये पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी आजारी अवस्थेत गोव्याच्या राजेशाही इस्पितळात दाखल झाला. तिथं रुग्णांना चांदीच्या ताटांत जेवण मिळायचं, असं त्याने लिहून ठेवलंय. पण ते इस्पितळ पोर्तुगिजांसाठी होतं. इथल्या गरिबाच्या वाट्याला ते ताट नव्हतं.

(दृश्य: कवळे, शांतादुर्गेचं देऊळ, तळी.)

देवळं पडली, पण देव मात्र नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात आले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. आजचं देऊळ 1738 च्या सुमाराचं. ते उभं राहिलं त्यात शाहू महाराजांच्या दरबारातल्या नारोराम मंत्र्यांचा मोठा हात.

(दृश्य: पणजी. सकाळ, शाळेत निघालेली मुलं.)

या सगळ्या प्रवासात माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते पणजीत. साल 1908. सरकारची भाषा पोर्तुगीज. आपल्या मुलांनी मराठी शिकावं असं वाटणाऱ्या घरांना सरकारी आधार नव्हता आणि पाठीशी राजाही नव्हता. मग घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा झाले आणि त्यातून शाळा उभी राहिली, मुष्टिफंड. श्रीमंताची मूठ आणि मोलकरणीची मूठ, दोन्हींत मावून मावून तांदूळ किती मावणार? देणगीदारांच्या पाटीवर ज्यांचं नाव कधीच आलं नसतं, अशी माणसंही इथं दाते झाली. मोठ्या देणगीबद्दल मला आदर आहे. पण शाळेवर गावाचा हक्क निर्माण होतो तो अशा मुठीतून, असं मी ठामपणे म्हणेन.

त्याच काळात पोटासाठी मुंबई गाठलेल्या ख्रिस्ती गोंयकारांनी धोबीतलाव, माझगाव भागात कूड, म्हणजे गाववाल्यांनी मिळून राहायच्या जागा, उभारले होते. एका गावाचा एक कूड. बोटीवरचा तारवटी काम सुटल्यावर तिथं उतरायचा. थोडीशी वर्गणी, झोपायला जागा, ट्रंक ठेवायला कोपरा, संध्याकाळी सगळ्यांचा मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पुढची बोट मिळेपर्यंत गावच त्याला सांभाळायचं. त्यातले काही कूड आजही चालू आहेत.