व्हेंटिलेटरवरची गुंगी

श्रोतेहो, नमस्कार. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, आयसीयूच्या दाराशी बसलेली माणसं आम्हाला हटकून विचारतात, "डॉक्टरसाहेब, पेशंट डोळे का उघडत नाही?" पुष्कळदा उत्तर एवढंच असतं, की आम्हीच त्याला झोपवलंय. घशात नळी असलेला माणूस भानावर आला की ती ओढायला बघतो, म्हणून गुंगीचं औषध.

त्यात मिडाझोलाम जुनं आणि स्वस्त. पण किडनी-लिव्हर अधू असेल तर ते अंगात साठतं. बंद केलं तरी पेशंट लवकर उठत नाही, उठला तर बरळतो. प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं. ते थांबवलं की जाग पटकन येते, मात्र बीपी खाली आणतं. डेक्समेडेटोमिडीनवर पेशंट हाकेला ओ देतो, श्वासही फारसा दबत नाही, पण नाडी मंदावते, आणि खिशालाही जड. 2018 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी मिडाझोलामच्या गटापेक्षा या दोघांना पसंती दिली. म्हणून महाग तेच जीव वाचवतं असं समजू नका. 2019 च्या स्पाइस-3 चाचणीत, सुमारे 4000 पेशंटांत, डेक्समेडेटोमिडीन आणि नेहमीची औषधं या दोन्हीकडे 90 दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण 29.1 टक्केच निघालं.

आपल्याकडे तर हिशेब आणखी बदलतो. कपाशीवर फवारायचं ऑर्गनोफॉस्फरस विष पोटात गेलं तर नाडी आधीच मंदावलेली असू शकते, वर झटके. तिथे झटके थांबवणारं जुनं मिडाझोलामच कामाला येतं.

मण्यार चावलेल्याची गोष्ट निराळी. स्नायू इतके लुळे पडतात की पापणीसुद्धा उचलत नाही, पण आत तो शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. तो हलत नाही म्हणजे गाढ झोपलाय, असं धरून चालत नाही. भीती कमी व्हावी म्हणून हलकी गुंगी द्यावीच लागते. त्याच्या खाटेशी "आता काही खरं नाही" असं कुणी बोललं की मी सरळ बाहेर काढतो, मग तो मामा असो की शिकाऊ डॉक्टर! त्याच्याशी बोलायचंच असेल तर घरचं बोला.

औषधाच्या नावाइतकंच महत्त्व मात्रेला आहे. 2000 साली 128 पेशंटांवर झालेल्या अभ्यासात रोज एकदा गुंगी थांबवून पाहिली, तेव्हा व्हेंटिलेटरवरचा मध्यक काळ, म्हणजे निम्म्या पेशंटांचा ज्याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त तो, 7.3 दिवसांवरून 4.9 दिवसांवर आला. प्रत्येकाची गुंगी अशी थांबवता येत नाही. फिट्स चालू असतील किंवा मेंदूला सूज असेल तर ती चालूच ठेवावी लागते. तेव्हा राउंड संपला की डॉक्टरांना विचारा, "आज गुंगी कमी करून बघितली का?"