तुळजापूरची गोष्ट लिव्हरपूलच्या माणसानं सांगितली

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

मंडळी, नमस्कार. तिळगूळ सगळ्यांनी घेतलाय ना? मग गोड बोलायची जबाबदारी आता तुमची. मी आज जरा तिखट बोलणार आहे. काळ्या मसाल्यावर वाढलेल्या माणसाकडून तुम्ही दुसरी अपेक्षाही ठेवली नसेल.

कार्यकारिणीनं मला विषय दिला होता ‘मराठवाड्याचा इतिहास’, आणि वेळ दिला वीस मिनिटं. देवगिरीचे यादव, तुघलकाची राजधानी, मलिक अंबर, निजाम, रझाकार, सतरा सप्टेंबर... शतकाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळाली असती. म्हणून मी एकच माणूस घेऊन आलेय. आणि तोही मराठवाड्याचा नाही. आपण आत्ता बसलोय तिथून गाडीनं तासाभरावर, लिव्हरपूलला, १८०८ साली त्याचा जन्म झाला. फिलिप मेडोज टेलर. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारा ख्रिश्चन माणूस आणि निजामाचा नोकर.

हा साहेब आमच्या घरात शिरला तो लेकीच्या शाळेमुळं. ‘आपल्या भागातून परदेशी गेलेल्या एखाद्या माणसाविषयी लिहा’ असं शाळेनं सांगितलं होतं. बाकीच्या मुलांनी खलाशी घेतले, फुटबॉलवाले घेतले. आमच्या बाईसाहेबांनी शोधून शोधून हा काढला, कारण त्याच्या माहितीत तिला ‘नळदुर्ग’ दिसलं. तिच्या आईचं माहेर. मग त्याची ‘तारा’ ही कादंबरी तिनं वाचायला घेतली. १८६३ साली छापलेली, तीन खंडांची. आणि एका रात्री जेवताना म्हणाली, “आई, अफझलखानाला मुलगा होता. हे तू मला कधी सांगितलंच नाहीस.”

आमचे अण्णा तेव्हा इथं आलेले होते. त्यांचा हात ताटातच थांबला.

“खानाची बाजू घेणारी पुस्तकं या घरात कोण आणतंय?”

“आजोबा, मी बाजू नाही घेतली. नुसतं विचारलं.”

“आई भवानीची मूर्ती जात्यात घालून भरडली त्यानं. सभासदाच्या बखरीत लिहून ठेवलंय.”

“पण त्याच्या मुलानं तर नाही ना भरडली?”

आमचे हे म्हणाले, “आधी जेवा.” मराठी नवऱ्यांचं सगळ्या ऐतिहासिक प्रश्नांना हेच उत्तर असतं. त्या रात्री आमच्याकडं कुणी नीट जेवलं नाही, आणि पोरीचा तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जाईना.

आता साहेबाकडं येते. पंधरा वर्षांचा असताना, १८२४ साली, तो मुंबईला आला. एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरी ठरली होती. येऊन बघतो तर पेढीच बुडायला आलेली. (इथं येऊन ज्यांची पहिली नोकरी अशीच निघाली, त्यांनी हात वर करायची गरज नाही, मला माहीत आहेत.) ओळखीपाळखीनं निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि पोरगं औरंगाबादच्या छावणीत दाखल झालं. कंपनीचा मोठा शिक्का पाठीशी नव्हता, म्हणून भाषा शिकणं भाग पडलं. फारसी, हिंदुस्थानी शिकला. ज्यांच्यावर अधिकार चालवायचा त्यांच्याशी दुभाष्याशिवाय बोलू लागला. लग्नही केलं ते हैदराबादचा पेढीवाला विल्यम पामर याच्या मुलीशी, आणि त्या पामरची आई मुसलमान बेगम होती. म्हणजे याच्या मुलांच्या रक्तातच हा देश आला. ठगांचा माग काढायच्या कामावर होता, त्यातून १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली. राणी व्हिक्टोरियानं ती छापून व्हायची वाट न बघता सुटे कागद मागवून वाचली असं सांगतात. सुरपूर संस्थानात त्यानं बरीच वर्षं कारभार पाहिला. तिथली रयत त्याला महादेवबाबा म्हणायची.

आणि मग १८५३. निजामानं कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख कंपनीच्या हवाली केला, आणि टेलरसाहेब नळदुर्गाच्या किल्ल्यात राहायला आले.

आता मला सांगा, इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी नळदुर्ग आतून बघितलाय? हात खाली आहेत. उमरगा-सोलापूर गाडीतून दिसतो, तेवढाच बघितलाय. मी त्या गावची, पण माझं त्या किल्ल्याचं सगळं ज्ञान शाळेच्या सहलीचं. पाणीमहालात उभं राहून सर इब्राहिम आदिलशहाविषयी, १६१३ सालच्या बांधकामाविषयी सांगत होते, आणि मी डब्यातले धपाटे कुणी खाल्ले याचा तपास करत होते. बोरी नदीवर धरणाची भिंत, भिंतीच्या पोटात महाल, पावसाळ्यात डोक्यावरून नर-मादीचे दोन धबधबे कोसळतायत आणि आत माणूस कोरडा. ती ओल आणि तो घुमणारा आवाज मला आता आठवतो, इथं, सेंट्रल हीटिंग लावलेल्या खोलीत. धपाटे कुणी खाल्ले ते अजून कळलेलं नाही.

तर हा माणूस तिथून घोड्यावर मुलूखभर हिंडला. रस्ते, जमिनीची मोजणी, गावोगावची भांडणं. तुळजापूर तिथून हाकेच्या अंतरावर. नवरात्रात पायी जाणारी माणसं, गळ्यात कवड्यांची माळ, हातात पोत, परडी, ‘आई राजा उदो उदो’. हे सगळं त्याच्या नजरेखालून गेलं. त्याच्या मनात तीन कादंबऱ्यांची मांडणी होती, शंभर-शंभर वर्षांच्या अंतरानं. १६५७ म्हणजे मराठ्यांचा उदय, १७५७ म्हणजे प्लासी, १८५७ म्हणजे उठाव. लढाईचा मुलूख म्हणून दिल्ली-लखनौ त्याला सहज मिळत होते. पण पहिल्या कादंबरीसाठी त्यानं तुळजापूर निवडलं, आणि तिथल्या एका शास्त्र्याचं घर. त्या घरातली बालविधवा मुलगी म्हणजे तारा. ती देवीला वाहिली जाते, मग तुळजापुरावर खान येतो आणि खानाबरोबर त्याचा मुलगा फाजल. पुढचं सांगत नाही. वाचा. तेवढं तर कराल?

अण्णांचा आक्षेप मी इथं प्रामाणिकपणे मांडते, कारण तो फुसका नाही. ते म्हणाले, “राज्य करायला आलेला माणूस तो. त्याची दयासुद्धा सरकारीच.” खरंय. टेलर श्रद्धावान ख्रिश्चन होता. त्याच्या मागं त्याच्या मुलीनं संपादून १८७७ साली छापलेलं आत्मचरित्र वाचलं तर पानोपानी देवाचे आभार आहेत. भवानीच्या देवळात त्याला श्रद्धा दिसते, पण भीती जास्त दिसते, रक्त जास्त दिसतं. प्रतापगडाची हकिगत तो सांगतो तीही त्या काळच्या इंग्रजी इतिहासाच्या चष्म्यातून, महाराजांना दगाबाज ठरवणाऱ्या. तिथं माझंही डोकं तापलं. आणि ताराला तो मुरळी म्हणतो. मुरळी म्हटलं की मला तरी खंडोबाच आठवतो, भवानीच्या त्या आराधिणी. माझा आपला एक अंदाज आहे, नळदुर्गला खंडोबाची मोठी जत्रा भरते, तिथं बघितलेली मुरळी साहेबानं तुळजापुरात नेऊन बसवली असेल. अणदूरवाले आणि नळदुर्गवाले देव वाटून घेतात, वर्षातले काही महिने इकडं, काही तिकडं. साहेबानं मुरळी वाटून घेतली.

पण पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट मला सतावत राहिली. १८५७ साली, साहेब नळदुर्ग सोडून वऱ्हाडात चालला होता त्याच वर्षी, मराठीत ‘यमुनापर्यटन’ आलं. बाबा पदमनजींचं. आपल्या भाषेतली पहिली कादंबरी म्हणून आपण पाठ करतो तीच. पदमनजी बेळगावचे, १८५४ साली ख्रिस्ती झालेले. आणि त्यांच्या कादंबरीचा विषय काय? हिंदू विधवांचे हाल. एक लिव्हरपूलचा, एक बेळगावचा, एक राज्यकर्त्यांतला, एक आपल्याच घरातून उठून गेलेला. दोघांनी एकाच पोरीकडं बघितलं, केशवपन केलेल्या, माजघरात बसवलेल्या. आपल्या घरातल्या शहाण्या माणसांना ती रोज दिसत होती. कादंबरी लिहावी एवढी ती त्यांना दिसली नाही.

टेलर आणि पदमनजी, या दोघांना ती त्यांच्या धर्मामुळं दिसली, की धर्मप्रचाराला उपयोगी म्हणून दिसली? पदमनजींच्या बाबतीत दुसरंही थोडं आहे, हेतू ते लपवत नाहीत. टेलरच्या बाबतीत मला अजून ठरवता येत नाही. ताराच्या आईवडिलांची पूजा, घरातली सकाळ, बापाचा लेकीवरचा जीव, हे त्यानं ज्या मायेनं लिहिलंय ते कुणाला धर्मांतर करायला लावण्यासाठी लिहिलेलं वाटत नाही. पन्नाशी ओलांडलेला, तब्येत खचलेला, बायको तरुणपणी गेलेली असा माणूस तिकडं सगळं सोडून इकडच्या थंडीत येऊन बसलाय आणि तुळजापूरच्या एका घरातला दिवा आठवतोय. आपल्यापैकी प्रत्येकजण हेच करतो की. फरक एवढाच, तो लिहून मोकळा झाला. आपण व्हॉट्सॲपवर हुरड्याचे फोटो फॉरवर्ड करतो.

आता थोडं टोचणारं. आपल्या मंडळात जालन्याकडचं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब आहे. नाव घेत नाही, ते आज आलेत. गणपतीत त्यांना दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “तुमच्याकडं घरी मराठीच बोलतात का हो?” अरे बाबांनो, मराठीतली पहिली कादंबरी त्यांच्यातल्या माणसानं लिहिली. जालन्याला रेव्हरंड नारायण शेषाद्री बसले होते, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले मराठी ब्राह्मण. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, पोरगंच होतं, तो ख्रिस्त्यांच्यात जेवला म्हणून खटला झाला, कोर्टानं मुलाला बापाच्या ताब्यात दिलं, आणि मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबईत रणकंदन झालं. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले. दोन भाऊ, एक बाप, एक कोर्ट आणि एक दर्पणकार. कादंबरीला अजून काय लागतं? पण आपली ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की सह्याद्रीच्या खाली उतरायचंच नाही असा जणू ठराव झालाय. देवगिरी, पैठण, तेर, खडकी म्हणजे जुनं औरंगाबाद, नळदुर्ग, सगळं मोकळं पडलंय. आणि मोकळ्या रानात दुसऱ्याचीच जनावरं चरणार.

अण्णा गेल्या आठवड्यात परत गेले. जायच्या आधी त्या रात्रीचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त विमानतळावर, सामान तोलून झाल्यावर, नातीला म्हणाले, “फाजल निसटला बरं का. खंडोजी खोपड्यानं वाट दाखवली त्याला. नंतर महिना-दीड महिन्यात कोल्हापूरजवळ पुन्हा आला लढायला, आणि हरला.” म्हणजे सगळं पाठ होतं. मुलगा होता, त्याचं नाव काय, तो कुठून पळाला, पुढं काय झालं. मी लहान असताना ही गोष्ट मी त्यांच्या मांडीवर किती वेळा ऐकली असेल, पण खान पडला की गोष्ट संपायची. फाजलपर्यंत ती कधी आलीच नाही. ते का, हे विचारायला मी तोंड उघडलं तोवर रांग पुढं सरकली.

आता कामाचं. शिवजयंतीच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्यात. दरवर्षीप्रमाणं खान म्हणून सगळ्यात उंच माणूस शोधलाय, दाढी भाड्यानं आणलीय. या वर्षी मुलांच्या गटानं, म्हणजे आमच्या घरातल्या पुढाऱ्यांनी, एक अर्ज दिलाय. प्रतापगडानंतर एक छोटा प्रवेश हवा, फाजलखानाचा, रात्री जंगलात. संवादही लिहून दिलेत, मराठीत, शुद्धलेखनाचं विचारू नका. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतात मुलं आहेत, करू द्या. दुसरे म्हणतात, महाराजांच्या जयंतीला खानाच्या पोराचं रडगाणं कशाला, आणि उद्या याचा व्हिडिओ गावाकडं फिरला तर? ती भीती खोटी आहे असं छातीठोकपणे सांगायची माझी हिंमत नाही. माझाच भाऊ तो पहिला फिरवेल.

बैठक पुढच्या रविवारी आहे. तट बरोबरीत आहेत आणि निर्णायक मत माझं आहे, कारण नाट्यसमितीचं अध्यक्षपद दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. मी अजून ठरवलेलं नाही. ज्यांचं ठरलंय त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा, फक्त दोन्हीकडचे एकदम येऊ नका. आणि पलीकडच्या टेबलावर ‘तारा’च्या पहिल्या खंडाची छापील प्रत ठेवलीय, ती नेणाऱ्यांनी वहीत नाव लिहावं. गेल्या वर्षी नेलेली पुस्तकं अजून आलेली नाहीत.